वजन कमी करण्यासाठी गाडीला लहान बॅटरी: मुंबईत काय चालते आणि काय अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते गोरेगावला राहतात, कामावर लोकलने जातात आणि १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आपली हॅचबॅक शनिवार-रविवारी बाहेर काढतात. वर्षातून एखादे वेळी ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी नेतात. गाडीला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा नाही, स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि मूळची ३५ अँपिअर-तासांची (म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर प्रवाह ३५ तास देऊ शकेल अशी) लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १० किलो वजनाची आहे. एका विक्रेत्याने तिच्या जागी २.२ किलोची लिथियम बॅटरी सुचवली असून तिच्यावरही ‘३५’ हाच आकडा छापलेला आहे. पावणेआठ किलो वाचत असतील आणि बाकी काही बदलणार नसेल, तर ती बसवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ट्रॅकवर ती जरूर वापरावी. मुंबईत मात्र, आणि निदान जून ते सप्टेंबर या काळात तर नक्कीच, वापरू नये. लहान बॅटरीवर इंजिन सुरू होईल की नाही, अशी बहुतेकांना शंका असते, पण मुंबईत खरी अडचण तिथे नाही. इंजिन सहज सुरू होते. बॅटरी कमी पडते ती इंजिन चालू असताना तुंबलेल्या रस्त्यावर, आणि गाडी आठ-दहा दिवस आवारात उभी असताना.

आधी इंजिन सुरू करण्याचा हिशेब पाहू. सेल्फ मारताच पहिल्या क्षणी मोटर ३०० ते ४०० अँपिअर ओढते, इंजिन फिरू लागले की हा आकडा १०० ते १५० वर येतो आणि सुस्थितीतले पेट्रोल इंजिन सेकंदाभरात पेट घेते. सढळ हाताने धरून सरासरी २०० अँपिअर दोन सेकंद लागले असे मानले, तरी खर्च होतो तो सुमारे ०.११ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या एक शतांशाच्याही निम्म्याहून कमी. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारे यंत्र, ज्याला आमच्या धंद्यात आजही अनेकजण डायनॅमोच म्हणतात, २० अँपिअरने भरू लागला तर कागदावर हा खर्च वीस सेकंदांत भरून निघतो. तेव्हा ३५ अँपिअर-तास हा आकडा सेल्फसाठी निवडलेला नसतो. सेल्फला हवा असतो तो क्षणभर भरपूर प्रवाह, आणि अशा लिथियम बॅटरीत असणारे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल तो देण्यात लेडपेक्षा सरस असतात.

क्षणभराचा हा प्रवाह मोजण्यासाठी कोल्ड क्रँकिंग अँपिअर हे माप वापरतात. अमेरिकी पद्धतीत उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरीने ३० सेकंद किती प्रवाह द्यावा आणि तरीही तिचा दाब (व्होल्टेज) ७.२ व्होल्टच्या खाली जाऊ नये, यावरून तो आकडा ठरतो. उणे १८ अंशांना इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते, म्हणून थंड देशांत मोठी बॅटरी घेण्याला अर्थ आहे. मुंबईत जानेवारीच्या पहाटे १५ अंश झाले तरी आपण स्वेटर शोधतो. त्यामुळे बॅटरीवर छापलेल्या क्रँकिंग क्षमतेचा बराच भाग इथे कधी वापरलाच जात नाही, आणि ‘लहान बॅटरीने गाडी चालू होते’ हे विक्रेत्याचे प्रात्यक्षिक खरे असूनही त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

आता तुंबलेल्या रस्त्याकडे येऊ, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो. जुलैतली संध्याकाळ आहे, मुसळधार पाऊस आहे, अंधेरी सबवे बंद झाल्यामुळे सगळी वाहने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आली आहेत आणि गाडी तासभर पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने सरकते आहे. दोन हॅलोजन हेडलाइट ११० वॅट, काच धुरकट होऊ नये म्हणून चालू ठेवलेला ब्लोअर १५० वॅट, वायपर ७० वॅट, रेडिएटरचा पंखा १५० वॅट, एसीचा क्लच ४५ वॅट, मागचे दिवे आणि सतत दाबलेल्या ब्रेकचे दिवे मिळून ७० वॅट, इंजिनाची स्वतःची गरज म्हणजे इंधनपंप, इंजेक्टर आणि इग्निशन मिळून १५० वॅट, आणि वर फोनचा चार्जर व संगीत. हे सर्व मिळून सुमारे ८०० वॅट होतात, म्हणजे साडेतेरा व्होल्टला जवळजवळ ५९ अँपिअर. अशा गाडीच्या अल्टरनेटरवर ६५ ते ७५ अँपिअर असा आकडा असतो, पण तो मिळतो इंजिनाचे फेरे चढल्यावर. गरम झालेला अल्टरनेटर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद फिरत असताना, त्याच्या निम्म्याच्या आसपास, फार तर साठ टक्के देतो. वर इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, जे जागच्या जागी चाके वळवताना क्षणभर ५० अँपिअरच्याही पुढे मागते.

म्हणजे आयडलला १५ अँपिअर, कधी २० अँपिअर तूट पडते, आणि ती बॅटरी भरून काढते. तासभर अशीच स्थिती राहिली तर १५ अँपिअर-तास गेले. पूर्ण भरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी यातून निम्म्यापेक्षा थोड्या अधिक भरतीवर बाहेर पडते, आणि वाटेत इंजिन बंद पडलेच तर पुन्हा सेल्फ मारता येतो. दाब उतरला की दिवे-पंखेही थोडे कमी ओढतात आणि काही गाड्यांचा संगणक भार पाहून आयडलचे फेरे वाढवतो, त्यामुळे प्रत्यक्षातली तूट या हिशेबापेक्षा थोडी कमी असू शकेल. पण निवड वाईट संध्याकाळ धरूनच करावी लागते.

आता ती २.२ किलोची बॅटरी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ३५ लिहिलेले असले तरी बाजूला किंवा खाली लहान अक्षरांत वॅट-तासांचा आकडा असतो, तो वाचावा. या वजनाच्या बॅटऱ्यांवर बहुधा १५० वॅट-तासांच्या आसपास आकडा सापडतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.२ व्होल्ट असतो आणि असे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून वॅट-तासांना १२.८ ने भागायचे. उत्तर येते पावणेबारा. म्हणजे वेष्टनावरचे ३५ हे ‘लेड-ॲसिडच्या तुलनेत’ असलेले ३५ आहेत: इंजिन सुरू करण्याच्या ताकदीत ती ३५ च्या लेड बॅटरीइतकी आहे, असा विक्रेत्याचा दावा असतो. सेल्फपुरता तो मान्य करता येईल. पण साठवलेली वीज बारा अँपिअर-तासांहूनही कमी आहे, आणि वरच्या संध्याकाळी ती पाऊण तासात संपते. वॅट-तासांचा आकडा कुठेच नसेल, तर ती बॅटरी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. सुटे, वापरलेले सेल जोडून तयार केलेल्या बॅटऱ्या बाजारात येतात आणि त्यांच्यावर नेमका हाच आकडा नसतो.

संपताना ती कशी संपते, हेही लक्षात घ्यावे लागेल. लेड-ॲसिड बॅटरी उतरू लागली की दाब हळूहळू खाली येतो, दिवे मंद होतात, सेल्फ जड फिरतो, आणि सावध चालकाला एक-दोन दिवस आधी कळते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. सेल खराब होऊ नयेत म्हणून आतले संरक्षक सर्किट त्या वेळी बॅटरी गाडीपासून तोडते. उभ्या गाडीत असे झाले तर गाडी मेल्यासारखी वाटते, इतकेच. पण चालत्या गाडीत झाले तर स्टिअरिंगची मदत एकाएकी जाऊ शकते. अतिगरम झाल्यामुळे किंवा दाब जास्त झाल्यामुळे सर्किटने बॅटरी तोडली आणि त्या क्षणी अल्टरनेटर जोरात भरत असला, तर अल्टरनेटरच्या प्रवाहाला जागा उरत नाही आणि दाब क्षणभर उसळतो. आजच्या अल्टरनेटरमधले डायोड ही उसळी साधारण ३५ व्होल्टच्या आसपास रोखतात, आणि गाडीचे संगणक तेवढे सहन करतील अशा बेताने बनवलेले असतात. बाहेरून बसवलेले स्वस्त चार्जर, कॅमेरे आणि ॲम्प्लिफायर तसे असतीलच असे नाही.

गाडी उभी असतानाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. कुलूप लावलेली निरोगी गाडी घड्याळ, सेंट्रल लॉक आणि संगणकाच्या स्मृतीसाठी २० ते ५० मिलिअँपिअर घेत राहते. ३० धरले तर दिवसाला ०.७२ आणि पंधरा दिवसांत १०.८ अँपिअर-तास जातात. गणपतीला दोन आठवडे कोकणात रेल्वेने जाऊन आल्यावर बारा अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी सापडणार, हे उघड आहे. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम असेल तर दोनच दिवस पुरतात, कारण तो पाव अँपिअर घेतो असे धरले तरी दिवसाला सहा अँपिअर-तास होतात. आयसोलेटर स्विच बसवून बॅटरी तोडून ठेवली तर मात्र चित्र उलटते. लिथियम स्वतःहून फारच कमी उतरते, आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने लेडच्या प्लेटांवर जसे सल्फेट धरते तसे इथे काही होत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा मोठा गुण आहे, आणि मी तो वजनाच्या बचतीपेक्षाही वर धरतो.

उष्णतेबद्दल दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. मुंबईत लेड-ॲसिड बॅटरी मरते ती गारठ्याने नव्हे, उकाड्याने: तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, कारण धन प्लेटची जाळी लवकर गंजते आणि पाणी लवकर उडते. लहान आकारात जास्त प्रवाह मिळवायचा तर प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त ठेवाव्या लागतात. पृष्ठभाग वाढतो, पण गंजायला शिसेही कमी उरते. म्हणून लहान लेड बॅटरी इथे उठावदार सेल्फ मारते आणि लवकर निकामीही होते. लिथियम आयर्न फॉस्फेट इतर लिथियम प्रकारांपेक्षा बरीच सुरक्षित असली, तरी बहुतेक उत्पादक तिची वापरमर्यादा ६० अंशांच्या आसपास देतात आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या बाजूला तेवढे तापमान सहज होते. शिवाय बॅटरी उतरलेली असताना तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तेवढा सगळा प्रवाह ती घेते. बारा अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४० अँपिअर कोंबले जाणे हे तिच्याही प्रकृतीला चांगले नाही आणि आयडलला वारा कमी असताना अल्टरनेटरच्याही.

स्मार्ट अल्टरनेटरच्या, म्हणजे ऋण टर्मिनलवर सेन्सर असलेल्या आणि संगणकाने दाब वरखाली करणाऱ्या गाड्यांना हे उत्तर जसेच्या तसे लागू करू नये. त्यांचा सगळा हिशेब लेडच्या स्वभावावर बेतलेला असतो. गाडी वेग कमी करत नसताना संगणकाने दाब १२.८ व्होल्टवर आणला की लेड बॅटरी जेमतेम काही देते, पण १३.२ व्होल्टला बसलेली लिथियम बॅटरी साऱ्या गाडीचा भार एकटी वाहू लागते. अशा गाड्यांत उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराशिवाय दुसरे काही बसवू नये. प्रश्नकर्त्यांची गाडी साध्या अल्टरनेटरची आहे, तेव्हा ही अडचण त्यांना नाही. तरी इंजिन चालू ठेवून दाब मोजावा आणि तो १४.६ व्होल्टच्या वर जात नाही याची खात्री करावी.

आता मिळते काय, तेही पाहू. चालकासह हजार किलोच्या गाडीत पावणेआठ किलो म्हणजे पाऊण टक्क्याहून किंचित जास्त. इंजिन तेच ठेवून वजन एक टक्का कमी केले तर इंधन साधारण ०.३ ते ०.४ टक्के वाचते. वर्षाला ६,००० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४०० लिटरमधून एक ते सव्वा लिटर वाचेल. नव्या बॅटरीच्या किमतीशी याची तुलना करण्यात अर्थ नाही. इंधनासाठी हा बदल कोणी करत असेल तर त्याने तो विचार इथेच सोडावा. आणि डिकीत सीएनजीचे साठ लिटरचे पोलादी सिलिंडर, म्हणजे सुमारे साठ किलो, बाळगून पुढची बॅटरी हलकी करायला येणारे लोक आमच्याकडे येतात, त्यांच्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

ट्रॅकवर गोष्ट वेगळी आहे. तिथे बॅटरीचे वजन पुढच्या चाकांवर आणि बरेच वर असते, पुढे जड असलेल्या हॅचबॅकमध्ये तेवढेच कमी होणे वळणावर उपयोगी पडते, आणि दिवे, वायपर, ब्लोअर यांपैकी काही चालू नसते. पण तिथेही आधी फुकटची बचत करावी: पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७४ किलो आहे, म्हणजे १८ लिटर कमी भरले की १३ किलो कमी झाले. स्टेपनी आणि जॅक पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करण्याच्या जागेत, काढून ठेवले की आणखी तेवढेच, किंबहुना जास्त. हे करूनही बॅटरीकडे यायचे असेल तर खुशाल यावे. बॅटरी डिकीत हलवण्याचा सल्ला मात्र कोणी दिल्यास आधी केबलचे वजन करावे. ५० चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या तारेतले नुसते तांबेच १.८ किलो भरते, २०० अँपिअरला तिच्यात पाव व्होल्टहून थोडा जास्त दाब जातो, आणि बॅटरीजवळ मोठा फ्यूज न लावता अशी केबल गाडीच्या तळातून नेणे धोक्याचे आहे.

गाडी बनवणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, याचे एक चांगले उदाहरण आहे. पोर्शने २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांना लिथियमची स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली. तिची क्षमता १८ अँपिअर-तास आणि वजन सहा किलोंपेक्षा कमी होते; ६० अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीपेक्षा ती दहा किलोंहून अधिक हलकी होती. जर्मनीत तिची किंमत १,९०४ युरो होती. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की गाडीसोबत नेहमीची लेड बॅटरीही दिली जात असे, कारण कडक थंडीत लिथियमची ताकद कमी पडते, आणि लांबी-रुंदी व जोडण्याची सोय सारखी ठेवल्यामुळे मालकाला दोन्ही आळीपाळीने बसवता येत. तिथे बॅटरी बदलायची ती हिवाळ्यासाठी. आपल्याकडे तेच पावसाळ्यासाठी करावे.

दोन बॅटऱ्या सांभाळायच्या नसतील तर मधला मार्ग एजीएम प्रकारच्या लेड बॅटरीचा आहे. यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, अंतर्गत रोध कमी असतो आणि कमी शिशात जास्त प्रवाह मिळतो. शर्यतीच्या गाड्यांत आणि लहान विमानांत पूर्वीपासून वापरली जाणारी ओडिसीची पीसी६८० ही १६ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ७ किलोची आहे. आपल्या उदाहरणात तीनच किलो वाचतात आणि साठा निम्म्याहून कमी होतो, म्हणून मी ती शहरातल्या गाडीसाठी सुचवत नाही. लिथियमच घ्यायची तर खरे २५ अँपिअर-तास, म्हणजे ३२० वॅट-तासांची घ्यावी. तिचे वजन चार किलोंच्या आसपास असते. सहा किलो वाचतात, पावसाळ्यातली तूट तासभर तरी भरून निघते आणि दोन आठवडे गाडी उभी राहू शकते. बॅटरी एकच ठेवायची आणि पैशांची अडचण नसेल, तर एवढाच एक पर्याय मला पटतो.

विकत घेण्याआधी एका संध्याकाळी आपल्याच गाडीवर मोजमाप करावे. इंजिन चांगले गरम करून आयडलला ठेवावे, वर सांगितलेला सगळा भार चालू करावा, बॅटरीच्या केबलवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावावा आणि प्रवाह बॅटरीकडे जातो आहे की बॅटरीतून बाहेर येतो आहे, ते पाहावे. बाहेर येणारा आकडा ही आपली खरी तूट. मग गाडी बंद करून, दारे लावून, संगणक झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबून मल्टिमीटरने उभ्या गाडीचा खर्च मोजावा. तो ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर बॅटरी कोणतीही घ्या, आधी ती गळती शोधावी. अनेकदा ती बाहेरून बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरची निघते.

बसवताना दुर्लक्ष होते ते पकडीकडे. लहान बॅटरी मूळच्या ट्रेमध्ये सैल बसते, आणि आपल्या खड्ड्यांवरून गेल्यावर ती सरकून धन टर्मिनल बॉनेटला लागले तर आग लागू शकते. खाली घट्ट ठोकळा, वर धातूची पट्टी आणि टर्मिनलवर रबरी टोपी, इतके तरी हवेच. मोटरसायकलच्या धर्तीचे बोल्टचे टर्मिनल असतील तर गाडीच्या क्लॅम्पसाठी चांगल्या पितळी अडॅप्टरवर खर्च करावा. सैल जोडाने सेल्फच्या वेळी दोन व्होल्ट खाल्ले तर दोष बॅटरीला दिला जातो. गाडी वॉरंटीत असल्यास सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे.

ट्रॅकपुरती लहान लिथियम घेतली तर ती उरलेल्या काळात घरात, पंख्याच्या हवेत, निम्मी भरून ठेवावी आणि १४.६ व्होल्टला थांबणाऱ्या लिथियमच्या चार्जरनेच भरावी. गॅरेजमधल्या जुन्या चार्जरमध्ये सल्फेट काढण्यासाठी दाब १५ व्होल्टच्या पुढे नेण्याची सोय असते. त्याला ती जोडू नये. मूळची लेड बॅटरी त्या दिवसांपुरती काढून ठेवताना पूर्ण भरून ठेवावी, महिन्याने पुन्हा भरावी, आणि दाब १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.